नऊ मीटरच्या रस्त्यापाशी अडलेले घर

गावकूस ओलांडून शहरात आलेल्या आपल्या माणसाच्या आता तीन पिढ्या झाल्या. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत, एस. टी. महामंडळात त्याने नोकरी केली, पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या फंडातून शहराच्या कडेला एक-दोन गुंठे जागा घेतली. त्या जागेवर आधी पत्र्याचे घर झाले, मग स्लॅब पडला. आता मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली, घर पुरेना. शेजारचे चार जण एकत्र बसतात आणि म्हणतात की, चौघांचे चार गुंठे एकत्र करू, तीन-चार मजल्यांची छोटी इमारत बांधू, गाड्या आत आणायला एकच सामाईक रस्ता ठेवू. विचार चांगला आहे, शहाणपणाचा आहे. पण नकाशा घेऊन हे चौघे महापालिकेच्या नगररचना विभागात गेले की, पलीकडून पहिलाच प्रश्न येतो : 'तुमच्या जागेला रस्ता कुठे आहे?'

आता हे चौघे पंचवीस वर्षे त्याच रस्त्याने जा-ये करीत आहेत. त्याच रस्त्याने त्यांच्या मुलींच्या वराती निघाल्या आणि म्हाताऱ्यांच्या अंत्ययात्राही. मग रस्ता नाही कसा? त्याचे उत्तर असे की, रस्ता पायाखाली आहे, कागदावर नाही. आणि महापालिका पाय पाहत नाही, कागद पाहते.

या विषयावर आपल्या वर्तमानपत्रांतून फारसे लिहिले जात नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार यांवर आपण लिहितो आणि ते लिहिलेच पाहिजे. पण बांधकाम परवाना, झोन दाखला, पोहोच रस्ता असे शब्द आले की, हे बिल्डर लोकांचे विषय म्हणून आपण पान उलटतो. आमचे म्हणणे असे आहे की, गावात आपल्याला जी वेस होती, ती शहरात रस्त्याच्या रुंदीच्या रूपाने उभी आहे. ती कुणी मुद्दाम बांधली असेल वा नसेल, पण ती पाडायची असेल तर हा विषय समजून घ्यावाच लागेल.

आधी परवानगी म्हणजे काय ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रत्येक शहराचा विकास आराखडा तयार होतो. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती व्यापारासाठी, कोणती शेतीसाठी, शाळा कुठे, बाग कुठे, रस्ता कुठून, हे त्यात रंगांनी दाखवलेले असते. यालाच आपण झोन म्हणतो. आपली जागा रहिवासी विभागात असेल तरच तिथे राहती इमारत उभी राहू शकते. त्यानंतर या कायद्याच्या कलम ४४ खाली अर्ज करायचा आणि कलम ४५ खाली महापालिकेने निर्णय द्यायचा, अशी पद्धत आहे. इमारत किती उंच, चारी बाजूंनी किती जागा मोकळी, गाड्या किती, जिना केवढा, हे सारे विकास नियंत्रण नियमावली ठरवते. मुंबई महापालिका आणि इतर काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू आहे.

या नियमावलीत छोट्या माणसासाठी काही चांगलेही आहे, ते मान्य केले पाहिजे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी परवानगीची कटकट जवळजवळ उरलेली नाही आणि तीनशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला थोड्या दिवसांत परवानगी मिळावी अशी सोय आहे. पण भूखंड कायदेशीर हवा आणि त्याला रस्ता हवा, ही अट तिथेही सुटत नाही. शिवाय एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. आपल्या चौघांचे चार गुंठे एकत्र केले की ते ४०४ चौरस मीटर होतात आणि या सवलतीच्या बाहेर जातात. म्हणजे एकेकटे राहिलात तर सवलत, एकत्र आलात तर पूर्ण तपासणी!

आता रस्त्याच्या रुंदीचा हिशेब करू, कारण खरी गोम तिथे आहे. किती चौरस फूट बांधकाम करता येईल हे चटईक्षेत्र निर्देशांकावर, म्हणजेच एफएसआयवर ठरते. जुन्या दाट गावठाणाबाहेर मूळ निर्देशांक १.१ आहे. समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही तिथेच थांबता. रस्ता नऊ मीटरचा झाला की शासनाला अधिमूल्य भरून आणि टीडीआर विकत घेऊन हाच निर्देशांक २ पर्यंत जातो. चार गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. १.१ ने गुणले तर सुमारे ४,७९० चौरस फूट, म्हणजे सहाशे फुटांची आठ घरे. २ ने गुणले तर ८,७१२ चौरस फूट, म्हणजे चौदा घरे. रस्ता सहा मीटरचा की नऊ मीटरचा, एवढ्या एका गोष्टीवर सहा घरांचा फरक पडतो.

या सहा घरांचे मोल काय? चार कुटुंबांकडे इमारत बांधायला रोख पैसा नसतो. बँक अशा जागेवर सहजासहजी कर्ज देत नाही. मग स्वतःपुरती घरे ठेवून उरलेली विकायची आणि त्या पैशातून बांधकामाचा खर्च भागवायचा, हाच मार्ग उरतो. चौदा घरे होत असतील तर हे गणित जमते, आठांमध्ये जमणे कठीण. गणित जमले नाही की, पुढच्या बाजूला मोठ्या रस्त्यावर ज्याची जागा आहे तो गृहस्थ हळूच येतो आणि म्हणतो, 'तुमच्या जागेला रस्ता नाही, तिची किंमत काही नाही, मला देऊन टाका.' त्याने ती पडत्या भावात घेतली की त्याच्या पुढच्या जागेला जोडली जाते, मोठा रस्ता आपोआप मिळतो आणि कालपर्यंत मातीमोल असलेली जमीन सोन्याची होते. जमीन तीच, फक्त मालक बदलला. पंचवीस वर्षांच्या कष्टाची कमाई अशी एका बोळापायी दुसऱ्याच्या घशात जाते आणि चार कुटुंबे आणखी दहा किलोमीटर बाहेर फेकली जातात. याला कुणी अत्याचार म्हणत नाही, याची कुठे नोंद होत नाही.

काही वाचक म्हणतील, नियम तर सर्वांना सारखा आहे. यात जात कुठे आली? प्रत्येक नगररचना अधिकारी जातीयवादी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण नियम सारखा असला तरी जमीन सारखी नव्हती. ज्यांच्या वाडवडिलांकडे हमरस्त्यालगतची शेती होती, त्यांच्या वाट्याला आज हमरस्त्यालगतचे भूखंड आले. ज्यांना गावात जमीनच नव्हती, त्यांनी मागची, आतली, ओढ्याकाठची, बिनरस्त्याची जागा घेतली, कारण तेवढीच परवडत होती. ती विकणाऱ्याने शेतीचे गुंठे पाडले, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिली, 'रस्ता पुढे होईल' असे तोंडी सांगितले आणि पैसे घेऊन तो मोकळा झाला. असे व्यवहार इतके झाले की शासनाला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीला तेव्हा संरक्षण मिळाले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. घर नियमित झाले, ही मोठी गोष्ट झाली. पण घर नियमित होणे वेगळे आणि त्याच्यासमोरचा रस्ता पुरेसा रुंद होणे वेगळे. नियमित झालेल्या घराच्या जागी उद्या इमारत बांधायला गेलात तर रस्त्याचा प्रश्न तिथेच उभा असतो.

दुसरी एक गंमत पाहा. आपल्या वस्त्यांतून आमदार निधी, नगरसेवक निधी, वस्ती सुधारणेच्या योजना यांतून काँक्रीटचे रस्ते होतात. नारळ फुटतो, फलक लागतो, भाषणे होतात. लोकांना वाटते, रस्ता झाला. पण काँक्रीट टाकल्याने रस्ता नकाशावर येत नाही. जोवर तो विकास आराखड्यात, मंजूर रेखांकनात किंवा महापालिकेच्या ताब्यातील रस्त्यांत दाखवला जात नाही, तोवर परवानगीच्या टेबलावर त्याची अडचण कायम राहते. फलकावर नाव लावणाऱ्यांनी हे कधी सांगितले आहे काय?

रस्त्याचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९२४-२५ मध्ये त्रावणकोर संस्थानात वायकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिरप्रवेशासाठी नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. पेरियार रामस्वामी त्यात तुरुंगात गेले. आपल्याकडे महाडचा सत्याग्रह झाला तो पाण्यासाठी, पण त्याची कागदोपत्री बाजू नीट पाहिली तर आजच्या विषयाला ती फार जवळची आहे.

सार्वजनिक पाणवठे आणि संस्था अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, कागद झाला, पण तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्यानंतर काय झाले? त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला आणि डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. दावा काय होता? तळे सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट पूर्वापार चालत आली आहे, असा. हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि अशी पूर्वापार वहिवाट सिद्ध होत नाही असे ठरवले.

महाडपासून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की, नुसता कागद पुरत नाही, तो वापरात आणावा लागतो. दुसरी अशी की, नुसता वापरही पुरत नाही, तो कागदावर आणि न्यायालयात टिकावा लागतो. बाबासाहेबांनी सत्याग्रह केला आणि खटलाही लढवला. त्यातला सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, खटला मात्र विसरलो. तळ्याच्या बाबतीत वहिवाटीचा पुरावा द्या असे न्यायालय प्रस्थापितांना म्हणाले. आज रस्त्याच्या बाबतीत हाच प्रश्न आपल्याला विचारला जातो. तेव्हा आपल्याकडे काय उत्तर आहे?

त्यासाठी वहिवाटीचा कायदा थोडा समजून घ्यावा लागेल. १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो की, दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून जा-ये केली असेल तर तो रस्त्याचा हक्क होतो. जागा सरकारी असेल तर तीस वर्षे लागतात. यात 'हक्क म्हणून' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. समोरच्या मालकाच्या परवानगीने, त्याच्या मेहरबानीने तुम्ही जात असाल, तर पन्नास वर्षे गेली तरी हक्क निर्माण होत नाही. 'जाऊ दे बिचाऱ्यांना' म्हणून दिलेली वाट ही वाट नव्हे. स्वाभिमानी माणसाला मेहरबानी आणि हक्क यांतला फरक बाबासाहेबांनी शिकवलाच आहे. इथे कायदाही तोच फरक करतो.

हाच कायदा आणखी एक गोष्ट सांगतो, जी आपल्या लोकांना बहुधा माहीत नसते. एका प्रकारच्या जाण्या-येण्याच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. पायवाटेचा हक्क असेल तर त्यातून मोटार नेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणजे पायी, सायकलने पंचवीस वर्षे गेलात, त्यामुळे त्याच वाटेवर आठ घरांच्या मोटारी आणि स्कूटर नेण्याचा हक्क आला असे होत नाही. समोरच्याने न्यायालयात हा मुद्दा काढला की, सारी इमारत लटकते. मात्र एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पडून आतल्या तुकड्याला दुसरी वाटच उरली नसेल, तर गरजेपोटीचा रस्ता मागता येतो. गुंठेवारीत जागा घेतलेल्या अनेकांना हे कलम उपयोगी पडू शकते. त्यासाठी मूळ मालकाचा जुना सातबारा आणि फेरफार शोधून ठेवले पाहिजेत.

शहराच्या नियमांतून माणसे वेगळी ठेवण्याचा प्रकार आपल्याच देशात आहे असे समजण्याचे कारण नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच १९१६ साली न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी झोनिंगचे नियम केले. त्या काळात अमेरिकेतल्या काही शहरांनी तर कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहू नये हेच कायद्याने लिहून टाकले होते. लुईव्हिल शहराचा असा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. मग काय झाले? वंशाचे नाव गळले आणि इमारतीचे नाव आले. ओहायोतील युक्लिड या गावच्या खटल्यात १९२६ मध्ये त्याच न्यायालयाने झोनिंग वैध ठरवले आणि स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत येणारी अपार्टमेंटची इमारत ही बांडगुळासारखी असते, अशा अर्थाचे विधान निकालपत्रात केले. पुढे कित्येक उपनगरांनी नियम केले की इथे फक्त एका कुटुंबाचे एक घर, एवढ्या मोठ्या भूखंडावर. कुठेही कृष्णवर्णीय असा शब्द नाही. पण गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाला तेवढा भूखंड परवडत नव्हता, ते बाहेरच राहिले. आता तिथले लोक हे मागे घेऊ लागले आहेत. मिनियापोलिस शहराने २०१८ मध्ये फक्त एक-कुटुंबी घरांचे झोन बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ओरेगॉन राज्याने २०१९ मध्ये तसा कायदा केला. छोटी अपार्टमेंट हीच साध्या माणसाची शहरात शिरण्याची वाट आहे, हे त्यांना शंभर वर्षांनी कळले. आपण तेवढे थांबायचे काय?

आपल्याकडे तर कायदा याबाबतीत अमेरिकेच्या पुढे होता. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या बरोबरीने रस्त्यांचाही उल्लेख आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून रस्ता वा वाट वापरण्यास अडवणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात, कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अडवणे हाही गुन्हा आहे. घर बांधणे हा शब्द तिथे स्पष्ट आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने रस्ता अडवण्याचा उल्लेख आला. पण हे कायदे लागू करायला समोरच्याने जातीवरून अडवले हे दाखवावे लागते. आज कोण एवढा भोळा आहे की जातीचे नाव घेईल? तो म्हणतो, 'रहदारी वाढेल. ड्रेनेजवर ताण येईल. आमच्या सोसायटीची शांतता जाईल.' आणि नगररचना विभागात हरकतीचा अर्ज टाकून मोकळा होतो.

यातली प्रत्येक हरकत खोटीच असते असे नाही. रस्त्याच्या रुंदीचा नियम उगाच केलेला नाही. आग लागली तर बंब आत गेला पाहिजे, बाळंतिणीला न्यायला रुग्णवाहिका दारात आली पाहिजे. अरुंद बोळात बंब न पोहोचल्याने जीव जातात ते कुणाचे? आपलेच. त्यामुळे नियम काढून टाका अशी मागणी आम्ही करीत नाही. रस्ता रुंद हवा हे बरोबर आहे, पण तो रुंद करून देण्याची जबाबदारी कुणाची? सार्वजनिक रस्ते बांधणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. बड्या वसाहतीपर्यंत रस्ता नेताना महापालिका भूसंपादन करते, मोबदला देते, पूल बांधते. आपल्या वस्तीपाशी आल्यावर मात्र ती फक्त फूटपट्टी काढते आणि 'रुंदी कमी आहे' असे लिहून देते. आमचा आक्षेप या दुजाभावावर आहे.

रस्ता रुंद करण्याचा कायदेशीर मार्गही उपलब्ध आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्तांना रस्त्याची नियमित रेषा आखता येते. सहा मीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घेतले की नऊ मीटर होतात. २०२० मध्ये पुणे महापालिकेत याच कलमाखाली सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता. त्यावर मोठा वाद झाला. हेच रस्ते का निवडले, शहरातले सगळे का नाहीत, हा त्यातला मुख्य प्रश्न होता आणि तो रास्त होता. कलम आहे, अधिकार आहे, प्रस्तावही येतात. मग आपल्या वस्तीचा रस्ता त्या यादीत का नसतो? कारण यादी करताना आपल्यापैकी कुणी तिथे नसते आणि वस्तीने लेखी मागणीही केलेली नसते.

म्हणून आता आपण काय करायचे ते स्पष्टपणे सांगतो. जागा घेण्यापूर्वी झोन दाखला, मंजूर रेखांकन आणि रस्त्याची नोंद पाहा. यापैकी काही नसेल तर स्वस्त जागाही महागात पडते. जागा आधीच घेतली असेल आणि चौघे मिळून इमारत बांधणार असाल, तर सामाईक रस्त्याचा करार करा आणि तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोटरी पुरत नाही. ज्या ज्या जागेतून रस्ता जातो, त्या सगळ्यांच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर ज्यांची नावे आहेत त्या प्रत्येकाची सही घ्या, बहिणींचीही. रस्त्याची लांबी-रुंदी मीटरमध्ये लिहा आणि मोजणी नकाशा जोडा. पायी, दुचाकी, चारचाकी, बंब, पाण्याची व सांडपाण्याची वाहिनी, विजेची केबल असे सारे हक्क नावानिशी लिहा. फाटक लागणार असेल तर ते कुणी कुलूपबंद करणार नाही हे लिहा. दुरुस्तीचा खर्च कोण किती देणार ते लिहा. आणि हा करार वारसांवर व पुढे जागा विकत घेणाऱ्यांवर बंधनकारक राहील हे सर्वांत आधी लिहा. भाऊबंदकीत आणि शेजाऱ्यांत आज प्रेम आहे म्हणून उद्याही राहील असे धरून चालू नये.

इमारत बिल्डरकडून बांधून घेत असाल तर आणखी सावध राहा. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची आणि बाहेरच्या रस्त्याची पट्टी स्वतःच्या नावे ठेवायची, असा धोका असतो. मग उद्या मागच्या जागेत त्याने दुसरी इमारत बांधली की तुमच्याच रस्त्याने तिच्या गाड्या जातात. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यान्वये जमिनीचे अभिहस्तांतरण करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग मोकळा झाला आहे. त्यात रस्त्याची पट्टी आली आहे ना, हे पाहिल्याशिवाय सही करू नका.

अर्ज केल्यावर पोच घ्या. तोंडी नकार मान्य करू नका. कलम ४५ प्रमाणे नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी द्यावा लागतो. साठ दिवसांत काहीच उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो, पण नकाशा सर्व नियमांत बसत असेल तरच. त्यामुळे या तरतुदीच्या भरवशावर घाईने पाया खणू नका. नकार आला तर चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडली हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. साहेबाला 'काहीतरी करा' अशी विनवणी करण्यापेक्षा हे चार कागद जास्त बोलतात.

आणि एक काम एकट्याने होत नाही, ते वस्तीने मिळून करायचे आहे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक वहिवाटीच्या रस्त्याची लांबी, रुंदी आणि किती वर्षांपासून वापर आहे याची यादी करा. जुनी घरपट्टी, वीजबिले, नळजोडणीचे कागद, जुने फोटो जमवा. ही यादी महापालिकेला देऊन रस्ते ताब्यात घ्या, नकाशावर दाखवा आणि कलम २१० खाली रुंदीची रेषा आखा, अशी लेखी मागणी करा. रस्त्यासाठी दीड मीटर जागा सोडावी लागली तर ती सोडायची तयारी ठेवा, त्याबदल्यात मोबदला वा चटईक्षेत्र मागा. दीड मीटर द्यायला शेजारी शेजाऱ्याशी भांडत बसला तर नुकसान दोघांचे होते आणि पुढच्या रस्त्यावरचा गृहस्थ त्याचीच वाट पाहत असतो.

आपल्या समाजात आज वकील आहेत, अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत, निवृत्त तहसीलदार आणि भूकरमापक आहेत. १४ एप्रिलच्या वर्गणीत ते पुढे असतात. त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीच्या समाजमंदिरात बसून लोकांचे कागद पाहिले, तर ते काम जयंतीच्या मंडपाइतकेच मोठे ठरेल. बाबासाहेबांनी स्वतः दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. १९१७ साली बडोद्यात ज्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून बाहेर पडावे लागले, त्यांनी पुढे आखीव रस्ते असलेल्या वसाहतीत भूखंड घेऊन पुस्तकांसाठी घर उभे केले. कुणाच्या मेहरबानीची वाट त्या घराकडे जात नव्हती. सार्वजनिक रस्ता जात होता.

आपल्या शहराचा नवा विकास आराखडा कधी ना कधी प्रसिद्ध होणारच आहे. त्याची सूचना वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात येते आणि हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदतच मिळते. ज्यांचे हितसंबंध आहेत ते पहिल्याच दिवशी नकाशापुढे उभे असतात. यावेळी आपल्या प्रत्येक वस्तीतून दोन माणसांनी जाऊन तो नकाशा पाहावा, आपला रस्ता त्यात आहे का ते बोट ठेवून तपासावे आणि नसेल तर मुदतीच्या आत सह्यांनिशी हरकत नोंदवून तिची पोच वस्तीत आणून ठेवावी.